आमच्या घरात तांबी कशी आली

मुलीनं आईवडिलांकडे काय काय मागायचं याची आपल्याकडे एक ठरलेली यादी आहे. कॉलेजात घाला, मोबाइल घेऊन द्या, मैत्रिणीच्या लग्नाला जाऊ द्या. मी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कुत्रं मागितलं! तेही मांडीवर घेऊन लाड करायचं, केसाळ, शहरी नव्हे. शेळ्या राखायला. "हिला आता हे काय नवीन सुचलं?" असं आमच्या आळीत बरेच दिवस चाललं होतं. पण मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांच्या दारात दोन-चार शेळ्या आहेत त्यांना यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. शेळी म्हणजे बाईच्या हातातला पैसा. करडू विकलं की पोराची फी भरली जाते, दवाखाना होतो, कुणापुढे हात पसरावा लागत नाही. त्या पैशावरच कुणी डल्ला मारू लागलं तर राखणदार नको का?

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. पर्जन्यछायेचा मुलूख, ढग येतात, बघतात आणि पुढे जातात. माझं डी.एड. २०११ मध्ये झालं, आणि शिक्षकभरती त्या सुमारास थांबली ती थांबलीच. चार वर्षं शिकवण्या घेतल्या, एका दुकानात हिशेब लिहिले. २०१५ मध्ये बचत गटातून कर्ज काढून चार उस्मानाबादी शेळ्या घेतल्या. काळी, काटक जात, आणि बरेचदा जुळी देणारी. तीन वर्षांत चाराच्या चौदा झाल्या, करडं वेगळी. गटाचं कर्ज फिटलं. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडून एकदा "पोरीनं नाव काढलं" असंही निघालं. (माझ्यासमोर नाही, पारावर. मला ते चुलतभावानं सांगितलं.)

मग २०१८चा श्रावण आला. दिवस मावळायच्या वेळी मी ओढ्याच्या कडेनं शेळ्या घराकडं वळवत होते. कळपाच्या मागच्या अंगानं लांडगा आला. आवाज नाही, धावपळ नाही. करडू तोंडात धरून तो बाभळीच्या पलीकडं गेलासुद्धा, तेव्हा कुठं माझ्या तोंडून ओरडणं बाहेर पडलं. पंधरा दिवसांत दुसरं करडू. आणि त्यानंतर एक गाभण शेळी, तीही रात्री, गोठ्यातच. ती मात्र लांडग्यानं मारली नव्हती. गावाबाहेरच्या चिकनच्या दुकानांपाशी वाढलेल्या मोकाट कुत्र्यांच्या टोळीनं फाडली होती. जंगली जनावरानं मारलं तर निदान वनखात्याला कळवून पंचनामा होतो, भरपाई मागता येते. कुत्र्यांनी मारलं तर कागद कुणाच्या दारात न्यायचा? आणि लांडग्याला काही करावं म्हणाल तर तेही नाही. वन्यजीव कायद्यानं त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. खरं सांगायचं तर मला तो मरायला नकोच होता. माळावर आमच्याआधी तो राहतो. त्यानं फक्त माझ्या शेळ्यांपासून लांब राहावं, एवढंच माझं म्हणणं.

आमच्या भागात दर वर्षी बाजरी निघाली की एक धनगर मामा मेंढरांचा कळप घेऊन रानात बसायला येतात. मेंढरं रात्रभर रानात बसवायची, त्यांच्या लेंड्या-मुताचं खत जमिनीला मिळतं, बदल्यात मामांना धान्य किंवा पैसे. आण्णांच्या वडिलांपासून चालत आलेला व्यवहार. त्या मामांची दोनशे मेंढरं उघड्या माळावर झोपतात, आणि माझ्या चौदा शेळ्या गोठ्यात सुरक्षित नाहीत, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. फरक काय, तर त्यांच्याकडं कुत्री आहेत.

त्याच रात्री जेवताना मी विषय काढला. "आण्णा, आपण राखणीला एक कुत्रं आणू या."

आण्णांनी घास हातातच धरला. "कुत्र्यांनी शेळी फाडली, आणि तू कुत्रंच आणणार?"

आई म्हणाली, "दारात घाण, घरात केस. आन् देवाधर्माचं काय?"

मी म्हटलं, "अगं, खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतं. दत्ताच्या फोटोत तर चार-चार."

"ती फोटोत हायत. दारात शी करत न्हाईत," आई म्हणाली, आणि विषय तिथंच संपला.

पुढचा आठवडाभर मी मोबाइलवर व्हिडिओ दाखवत राहिले. कुठल्यातरी परदेशातला हिरवागार डोंगर आणि मेंढ्या हाकणारं काळंपांढरं कुत्रं. आण्णा कौतुकानं बघायचे आणि "त्यांचं येगळं, आपलं येगळं" म्हणून मोबाइल परत द्यायचे. त्यात त्यांचं बरोबरच होतं. हाकणारं कुत्रं निराळं आणि राखणारं निराळं. हाकणाऱ्याला जनावराच्या मागं लागण्याची उपजत हौस असते. राखणाऱ्याला ती अजिबात असता कामा नये. त्यानं कळपात मेंढरासारखं पडून राहायचं, आणि परकं कुणी दिसलं की मध्ये उभं राहायचं. लातूरकडच्या आमच्या एका पाहुण्यांनी करवानी जातीचं पिल्लू देऊ केलं होतं. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखं धावणारं. त्याचाच भाऊबंद म्हणजे कर्नाटकातला मुधोळ. २००५ मध्ये टपाल खात्यानं त्याचं तिकीटसुद्धा काढलं. देखणी जात, पण शिकारीची. सशामागं धावणारं कुत्रं करडामागं धावणार नाही याची हमी कोण देणार? मी नको म्हटलं. हे नको म्हणणं आण्णांनी ऐकलं, आणि मला वाटतं तेव्हापासून त्यांना जाणवलं की ही नुसती हौस नाही.

तरी "न्हाई" ते "न्हाई"च होतं. एखाद्या गोष्टीला आईवडील कारण न देता नाही म्हणतात, तेव्हा आपण चिडतो. जुन्या वळणाची माणसं, म्हणून सोडून देतो. मला कारण कळलं ते आत्याकडून, गौरीला ती माहेरी आली होती तेव्हा.

आमच्या देवघराशेजारी एका लहान मुलाचा जुना, पिवळा पडलेला फोटो आहे. तो आण्णांचा धाकटा भाऊ, एवढं मला ठाऊक होतं. "तापानं गेला" असंच आम्हाला सांगितलेलं. आत्या म्हणाली, ताप नव्हे. १९७९ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, त्याला पिसाळलेलं कुत्रं चावलं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. तालुक्याला रोज कोण नेणार? दोन दिवस नेलं, मग कुणीतरी एक औषध देणारा सांगितला, त्याचं पाणी प्यायला दिलं. जखम भरली, सगळे विसरले. दीड महिन्यानं पोरगं पाण्याचा तांब्या बघून किंचाळायला लागलं. आण्णा तेव्हा चौदा वर्षांचे होते. बाहेरून कडी लावलेल्या खोलीच्या दाराशी तेच बसून होते म्हणे.

मला त्यानंतर आण्णांशी वाद घालणं शक्य नव्हतं. वादानं सुटणारी गोष्टच नव्हती ती.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर भले माणूस. त्यांनी मला शांतपणे समजावलं, ते तुम्हालाही सांगते, कारण कुत्रं पाळा न पाळा, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्यावर लगेच उपचार झाले तर तो होण्यापासून रोखता येतो. जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली, पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ती पोटातली चौदा इंजेक्शनं २००५च्या सुमारास आपल्या देशातून बंद झाली. आता दंडात, मोजक्या वेळा घ्यायची असतात. पण ठरलेल्या तारखांना, सगळीच्या सगळी. जखम खोल असेल तर जखमेतही वेगळं औषध द्यावं लागतं. आणि कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, मग दर वर्षी एक.

हे सगळं आण्णांना सांगून उपयोग होता का? शब्दांनी त्यांचा भाऊ परत येणार नव्हता. डॉक्टर म्हणाले, "जनावरांत काम करणारे आम्ही लोक स्वतः आधीच लस घेऊन ठेवतो." मी विचारलं, मला घेता येईल? त्यांनी माणसांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. महिन्याभरात तीन इंजेक्शनं घेतली, माझ्याच शेळीच्या पैशातून. (अशी आधी लस घेतली तरी कुत्रं चावल्यावर पुन्हा डोस घ्यावेच लागतात, हे विसरू नका.) तिसरं घेऊन आले त्या संध्याकाळी मी कार्ड आण्णांपुढं ठेवलं. म्हटलं, "आत्यानं सांगितलं मला. कुत्रं आणू नका म्हणालात तर नाही आणणार. पण आणलं तर मी सगळ्यात आधी हे केलंय."

त्यांनी चष्मा लावून कार्डावरच्या तारखा वाचल्या. काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात येऊन म्हणाले, "आन् शेळ्यांना ह्यापासनं काय रोग व्हतो का, ते इचार डाक्टरला."

हा प्रश्न बारीक आहे बरं का! आणि त्याचं उत्तर "होतो" असंच आहे. शेळी-मेंढी कधीकधी मान वाकडी करून एकाच जागी गोल गोल फिरताना तुम्ही पाहिली असेल. तिच्या मेंदूत पाण्याचा फोड झालेला असतो. तो कुत्र्याच्या पोटातल्या चपट्या जंतांमुळे होतो. मेलेल्या शेळीचं डोकं कुत्र्याला टाकलं की जंत कुत्र्याच्या पोटात वाढतात, त्याच्या विष्ठेतून अंडी चाऱ्यावर, चाऱ्यातून पुन्हा शेळीत. अशाच दुसऱ्या एका जंतामुळं माणसाच्या यकृतात, फुप्फुसात गाठी होतात. उपाय अगदी साधा. कापलेल्या जनावराचं डोकं, आतडी, काळीज कुत्र्याला कच्चं कधीही घालायचं नाही, आणि दर तीन महिन्यांनी जंताची गोळी चुकवायची नाही. मी हे वहीत लिहून आण्णांना वाचून दाखवलं. झाकून ठेवलं असतं तर पुढं कुणी ना कुणी पारावर सांगितलंच असतं, आणि मग माझ्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास गेला असता.

आता आईचं. आईची नाही ही देवाधर्माची आहे असं मी धरून चालले होते. एके दिवशी ती भाकऱ्या थापत होती, मी शेजारी बसून पीठ मळत होते. ती तव्याकडं बघतच म्हणाली, "एका कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ मिळून चार भाकऱ्या. त्या कोण थापणार?"

घरात कुणीही नवीन आलं, पाहुणा असो, गडी असो, सून असो नाहीतर कुत्रं, की त्याची भाकरी एका ठरावीक बाईच्या मनगटातून निघते. बाकीच्यांना घर वाढलं याचा आनंद होतो, तिला फक्त पिठाचा डबा दिसतो. मी चुलत्यांकडून एक जुनं जर्मनचं पातेलं आणलं, गोठ्याबाहेर तीन दगडांची चूल मांडली, आणि आठ दिवस रोज सकाळी तिथं ज्वारीचा भरडा शिजवून शेजारच्या कुत्र्याला घातला. ताक माझ्याच शेळ्यांच्या दुधाचं. महिन्याला भरडा किती, अंडी किती, जंताच्या गोळ्या, लस, सगळ्याचा हिशेब वहीत. एका करडाच्या किमतीत कुत्र्याचं वर्ष निघत होतं, आणि आमची वर्षात तीन जनावरं गेली होती. आईनं वही पाहिली नाही, तिनं चूल पाहिली. "राख रोज काढत जा," एवढंच म्हणाली.

दसऱ्याच्या सुमारास मामांचा कळप रानात उतरला. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. ते आण्णांना म्हणाले, "आज हितंच बसा की रातच्याला, चा टाकतो." आण्णा गेले. मेंढरांभोवती वाघर लावलेली, म्हणजे जाळीचं कुंपण. मामांची म्हातारी कुत्री मेंढरांच्या मधोमध पडलेली. आण्णा पुढं सरकले तशी ती उठली, भुंकली नाही, नुसती त्यांच्या आणि मेंढरांच्या मध्ये येऊन उभी राहिली. मामांनी एक शब्द टाकला, तशी परत जाऊन कोकरापाशी बसली. मध्यरात्रीनंतर कधीतरी ती आणि दुसरी दोन कुत्री एकदम उठून ओढ्याच्या बाजूला तोंड करून भुंकत राहिली. मागं लागली नाहीत. पाच मिनिटांनी शांत. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी मामींनी सांगितलं. आण्णांनी घरी येऊन इतकंच विचारलं, "तिची पिल्लं कवा देणार म्हणत्यात?"

वाटलं, जिंकलं! पण त्याच रात्री आई अंथरुणावर उठून बसली. हळू आवाजात म्हणाली, "तायडे, खरं सांग. कुत्रं आलं की तू रानातल्या खोपीवर झोपायला जाणार ना?"

मी गप्प राहिले, कारण तो विचार माझ्या मनात होता.

"आन् मग लग्नाचं इचारायला कोण येईल? पोरगी रानात ऱ्हाती, कुत्री पाळती म्हणतील. आमी किती दिस पुरणार?"

तर हे होतं सगळ्याच्या तळाशी. घाण, केस, देवधर्म, भाकरी ही वरची वरची कारणं. शेळ्या आहेत तोवर त्या कधीही विकता येतात. कुत्रं आलं म्हणजे धंदा कायमचा झाला, आणि पोरगी कायमची इथली झाली. आईला भीती कुत्र्याची नव्हतीच.

त्या रात्री आम्ही दोघी बराच वेळ बोललो. लग्न करणारच नाही असं मी म्हणाले नाही, कारण तसं माझं काही ठरलेलं नव्हतं. करीनच असंही म्हणाले नाही. दोन गोष्टी कबूल केल्या. रात्री खोपीवर एकटी झोपणार नाही. शेळ्यांचा गोठा घराजवळ आहे, कुत्रं तिथंच राहील. आणि मला कोण बघायला येणार असेल तर शेळ्या आणि कुत्रं त्याच्यापासून लपवायचं नाही. दुसरी अट आईला पटली नाही, पण तिनं मान्य केली. मीही पहिली अट मनापासून मान्य केलेली नाही, पण आजवर पाळली आहे.

आणखी एक गोष्ट मी त्यांना स्वच्छ सांगितली, ती सांगताना घशाला कोरड पडली होती. "आण्णा, पिल्लू दोन महिन्यांत राखण करणार नाही. दीड-दोन वर्षं लागतील. तोवर नुसतं खाईल आणि खोड्या करील." आण्णा म्हणाले, "पोरगं नोकरीला लागायला लई वर्षं लागत्यात, त्यो खर्च काय कमी व्हतो व्हय?" माझ्याकडं बघून म्हणाले असतील का, कुणास ठाऊक. मी हसण्यावारी नेलं.

दिवाळीत, कळप पश्चिमेकडं निघायच्या आधी, मामांनी सात आठवड्यांचं पिल्लू दिलं. नर सगळे आधीच लोकांनी सांगून ठेवले होते. उरल्या होत्या दोन माद्या. "मादी कोण न्हेत न्हाई," मामा म्हणाले, "पर राखणीला ती काय कमी न्हाई." तांब्याच्या रंगाची म्हणून आईनं नाव ठेवलं तांबी. होय, आईनंच. (पुढं सव्वा वर्षाची झाल्यावर तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घेतलं.)

तांबीला आम्ही घरात घेतलंच नाही. पहिल्या दिवसापासून करडांच्या कप्प्यात. चार महिन्यांची होईपर्यंत कुत्र्याचं पिल्लू ज्यांच्या सहवासात वाढतं त्यांनाच ते आपलं मानतं, हा यातला सगळा मंत्र आहे. धनगरांना तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मुलांनी तिला उचलून अंगणात नाचवायला सुरुवात केली तेव्हा मला रागवावं लागलं. कठोर वाटतं, पण मुलांची झालेली कुत्री शेळ्यांची राहत नाही. अर्थात माणसाळलेली हवीच. रोज मी तिच्या अंगावरून हात फिरवायची, पाय उचलून बघायची, म्हणजे पुढं इंजेक्शनाला त्रास होत नाही.

सातव्या महिन्यात तिनं आमची परीक्षा पाहिली. करडांचे कान धरून ओढायची, पाठीमागं धावायची. एका करडाचा कान फाटला. आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत नीट. मामांना फोन केला. ते म्हणाले, "लोढणं घाला." गुराच्या गळ्यात अडकवतो तसं हलकं लाकूड, गुडघ्याला लागेल असं. चालता येतं, पळता येत नाही. शिवाय करडांऐवजी दोन मोठ्या, मारक्या शेळ्यांबरोबर ठेवलं. त्यांनी तिला शिंगांनी जे शिकवलं ते मला कधीच शिकवता आलं नसतं. दोन महिन्यांत लोढणं काढलं.

२०२०च्या पावसाळ्यात, ती पावणेदोन वर्षांची असताना, ओढ्याच्या कडेला पुन्हा लांडगा दिसला. मी ओरडायच्या आधी तांबी कळपातून बाहेर येऊन उभी राहिलेली. मानेवरचे केस उभे, शेपटी ताठ, आणि असा भुंकण्याचा आवाज की मीच दचकले. लांडगा थोडा वेळ बघत राहिला, मग वळून माळावर चालत गेला. ना मारामारी, ना रक्त. त्यालाही पोट आहे, फुकट जखम त्याला परवडत नाही. तेव्हापासून आजवर आमची दोन करडं गेली, दोन्ही कळपापासून चुकून लांब राहिलेली. रात्री गोठ्याला जाळीचं दार मात्र आहेच. नुसत्या कुत्र्यावर भिस्त ठेवून दार उघडं टाकणं हा शहाणपणा नव्हे.

एक गोष्ट जुन्नर, अकोले, निफाडकडच्या मैत्रिणींसाठी. तुमच्याकडं उसात बिबटे आहेत, आणि बिबट्याचं आवडतं भक्ष्य कुत्रंच. अकोल्यात संशोधकांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं तेव्हा त्यात कुत्र्यांचाच वाटा सगळ्यात मोठा निघाला. तिथं दारात कुत्रं बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला आमंत्रण. तुम्हाला पहिल्यांदा भक्कम, वरून बंद गोठाच हवा.

२०२२च्या सप्टेंबरमध्ये नामिबियातून चित्ते आणून कुनोच्या जंगलात सोडले, ते आम्ही टीव्हीवर बघत होतो. मी आण्णांना सांगितलं, की नामिबियातल्या शेळीवाल्या शेतकऱ्यांना तिथली एक संस्था १९९४पासून राखणीची कुत्री देते. शेळ्या वाचल्या की शेतकरी चित्त्याला गोळी घालत नाही, म्हणून. आण्णा म्हणाले, "म्हंजी तिकडं पण तांबीच हाय म्हन की."

माझं लग्न झालेलं नाही. दोन स्थळं शेळ्या बघून परत गेली. एक तांबी बघून. आई त्या तिसऱ्याबद्दल म्हणाली, "जो कुत्रीला भ्यायला तो काय राखणार!" आता शेळ्या एकोणतीस आहेत. शेजारच्या गावातली एक मुलगी मध्यंतरी विचारायला आली होती. तिच्या घरी सासू तयार नाही. मी गोठ्यात होते, आईच तिच्याशी बोलली. मी बाहेर आले तेव्हा ती तिला चूल कुठं मांडायची ते दाखवत होती.

आण्णा अजूनही तांबीला हात लावत नाहीत. ती जवळ आली की काठी आडवी धरून उभे राहतात, आणि तीही दोन हातांवर थांबते. तिचं लसीचं कार्ड मात्र ते सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. जानेवारीत नवीन कॅलेंडर आलं की तिच्या लसीच्या तारखेला लाल पेनानं गोल करतात. तारीख जवळ आली की दोन दिवस आधीच विचारायला लागतात, "डाक्टरला फोन केला का न्हाई अजून?"